हेन्स जंक्शन, युकॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हँकुव्हर, कॅल्गरी, एडमंटनकडची मराठी मंडळी युकॉनचा बेत आखतात, तेव्हा यादीत व्हाइटहॉर्स असतं, डॉसन सिटी असतं. हेन्स जंक्शनच्या पुढे मात्र बहुतेक वेळा 'पेट्रोल आणि कॉफी' एवढंच लिहिलेलं असतं. कॅनडातलं सगळ्यात उंच शिखर ज्या राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याच्या अगदी उंबरठ्यावरचं हे गाव. इथे निदान दोन रात्री काढाव्यात असं मला मनापासून वाटतं. ते का आणि कसं, हे सांगण्यासाठी वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहून ठेवतो आहे.

हे गाव नेमकं कुठे आहे?

कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन प्रदेश आहे, त्याची राजधानी व्हाइटहॉर्स. तिथून अलास्का हायवेने पश्चिमेला सुमारे १५५ कि.मी. गेलं की हेन्स जंक्शन येतं. दोन तासांच्या आत पोहोचता. इथे रस्त्याला फाटा फुटतो. अलास्का हायवे उजवीकडे वळून क्लुआनी सरोवराकडे आणि पुढे अलास्काकडे जातो, तर दुसरा रस्ता दक्षिणेला घाट ओलांडून समुद्रकाठच्या हेन्स या अलास्कातल्या गावी उतरतो. या तिठ्यावर १९४२-४३ मध्ये रस्ते बांधणाऱ्यांचा तळ पडला आणि त्यातून आजचं गाव वाढलं. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती सातशेच्याही आत. अर्थात, या जागेवर माणसांचा वावर रस्त्याच्या कितीतरी आधीपासून होता. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

तिथे असं काय आहे, की मुद्दाम थांबावं?

गावाच्या मुख्य रस्त्यावर उभं राहून पश्चिमेला मान वळवली की घरांच्या मागे लगेच डोंगर उभा. मध्ये टेकड्या नाहीत, उतार नाही, सपाट जमिनीवरून एकदम भिंत. ही क्लुआनी पर्वतरांग. तिच्या मागे सेंट इलायस पर्वत आणि ध्रुवीय प्रदेशाबाहेरचं जगातलं सगळ्यात मोठं हिमक्षेत्र. क्लुआनी राष्ट्रीय उद्यान सुमारे २२,००० चौ. कि.मी. पसरलं आहे आणि त्यातला ८३ टक्के भाग डोंगर आणि बर्फाने व्यापलेला आहे. शेजारच्या अलास्कातल्या उद्यानासह त्याला १९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दोन देशांच्या सीमेवर पसरलेल्या अशा वारसास्थळांपैकी हे अगदी सुरुवातीचं.

उद्यानाच्या पोटात रस्ता जात नाही. रस्ता कडेकडेने जातो, आणि आत जायचं तर पायी, होडीने किंवा विमानाने. म्हणूनच गाडीतून फोटो काढत पुढे निघून गेलेल्या माणसाला क्लुआनी कळत नाही. थांबावं लागतं, ढग हलेपर्यंत वाट पाहावी लागते.

व्हाइटहॉर्सहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल का?

येईल. पण नका करू. डोंगरावर ढग बसले असतील तर तुम्हाला राखाडी पडद्याशिवाय काही दिसणार नाही, आणि इथे तसं पुष्कळदा होतं. दोन रात्री म्हणजे हवा उघडण्याची दोन-तीन वेळा संधी. तीन रात्री असतील तर एक दिवस कॅथलीन सरोवर, एक दिवस क्लुआनी सरोवर आणि एक दिवस हवेच्या मर्जीवर मोकळा ठेवा.

कोणत्या महिन्यात जावं?

जून ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये उजेड अफाट, पण उंचावरच्या वाटांवर बर्फ उरलेला असतो. जुलैमध्ये रस्त्याच्या दोन्ही कडांना फायरवीडची जांभळट गुलाबी फुलं पेटलेली असतात. माझी पसंती ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरची सुरुवात: झाडं पिवळी होतात, उतारावरची खुरटी बर्चची झुडपं लालभडक होतात, डास जवळजवळ संपलेले असतात आणि रात्री पुन्हा काळोख्या होऊ लागल्याने आकाश स्वच्छ असेल तर ऑरोरा, म्हणजे आकाशात दिसणारा रंगीत ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. मात्र पहाटे पाणी गोठेल एवढी थंडी असते, हे धरून चाला.

उन्हाळ्यात रात्र होतच नाही म्हणतात, खरं का?

गाव ध्रुववृत्ताच्या बरंच खाली आहे, त्यामुळे सूर्य मावळतो. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो रात्री पावणेबाराच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेचारच्या सुमारास पुन्हा उगवतो. मधल्या वेळात संधिप्रकाश असतो, बाहेर वाचता येईल इतका. युकॉनने २०२० पासून घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं आहे. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोननंतर. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्या, विशेषतः तंबूत राहणार असाल तर. लहान मुलांना 'अजून उजेड आहे' म्हणून झोपायचं नसतं, तेव्हा त्यांच्या वेळा घड्याळावरच सांभाळा.

भारतातल्या घड्याळापेक्षा युकॉन साडेबारा तास मागे आहे. तिथे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ. फोनसाठी सोयीची वेळ.

विमान आणि व्हिसा?

व्हाइटहॉर्सला व्हँकुव्हरहून थेट विमानं आहेत, साधारण अडीच तासांचा प्रवास. कॅल्गरी आणि एडमंटनहूनही विमानं असतात. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो, युकॉनसाठी वेगळं काही लागत नाही. हेन्सला, म्हणजे अलास्कात उतरायचं असेल तर अमेरिकेचा व्हिसा हवा. कॅनडात परत येताना आपला व्हिसा चालेल ना, हेही आधीच तपासून घ्या. आईबाबांच्या बाबतीत हा मुद्दा घरूनच मिटवून निघा, सीमेवर पोहोचल्यावर काही करता येत नाही.

रस्ता कसा आहे? पेट्रोलचं काय?

व्हाइटहॉर्स ते हेन्स जंक्शन रस्ता चांगला, डांबरी, वाहतूक तुरळक. कॅनडात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, आणि युकॉनच्या महामार्गांवर दिवसाही दिवे लावून चालवणं सक्तीचं आहे. भर उन्हातही दिवे चालू ठेवायचे.

क्लुआनी सरोवर ओलांडून अलास्काच्या सीमेजवळच्या बीव्हर क्रीक गावाकडे निघालात की रस्त्याचं रूप बदलतं. खालची जमीन कायम गोठलेली असते. रस्त्याच्या भाराने आणि उन्हाने ती कुठे वितळते, कुठे फुगते, आणि डांबराला लाटा येतात. एखाद्या लाटेवरून गाडी अक्षरशः उडते. अशा ठिकाणी कडेला छोटी निशाणं लावलेली असतात. ती दिसली की वेग कमी करा. पुढच्या गाडीच्या मागे चिकटू नका, खडी उडून काच तडकते. भाड्याची गाडी घेताना काच आणि खडीच्या रस्त्यांबद्दलच्या अटी नीट वाचा.

पेट्रोलचा नियम एकच: हेन्स जंक्शनला टाकी भरल्याशिवाय कुठल्याही दिशेला निघायचं नाही. हेन्सकडे जाणारा रस्ता सुमारे २४० कि.मी. आहे आणि त्यावर वस्ती जवळजवळ नाही. बीव्हर क्रीक तर त्याहून लांब. वाटेतला एखादा पंप नकाशावर दिसला तरी तो चालू असेल असं गृहीत धरू नका. निघण्याआधी 'युकॉन ५११' या सरकारी सेवेवर रस्त्याची स्थिती पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये जंगलातल्या वणव्यांमुळे रस्ते बंद होऊ शकतात.

मोबाइल चालतो का?

गावात चालतो. गाव सुटलं की थोड्याच वेळात रेंज जाते आणि पुढच्या वस्तीपर्यंत येत नाही. नकाशे आधीच उतरवून घ्या, हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून ठेवा आणि आपण कुठे जातोय, केव्हा परतणार हे कुणाला तरी सांगून निघा. डोंगरात लांब चालत जाणार असाल तर उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र न्या.

माउंट लोगन गावातून दिसतो का?

नाही. ५,९५९ मीटर उंचीचा हा पर्वत कॅनडातला सर्वोच्च, पण तो पुढच्या रांगेच्या खूप मागे, हिमक्षेत्राच्या मधोमध बसला आहे. गावातून दिसतात ते सगळे पुढचे, तुलनेने छोटे डोंगर. व्हाइटहॉर्सकडून येताना हवा स्वच्छ असेल तर गावाच्या थोडं अलीकडे दूरवर दोन पांढरी शिखरं दिसतात, हबर्ड आणि केनेडी. त्यातल्या दुसऱ्याला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींचं नाव दिलं गेलं आणि १९६५ मध्ये त्यांचे भाऊ रॉबर्ट केनेडी त्यावर चढून गेले.

लोगन पाहायचा तर छोट्या विमानाने जावं लागतं. खर्चिक आहे, आणि हवा बिघडली तर उड्डाण रद्द होतं. तरीही सांगतो, या प्रवासात एकाच गोष्टीवर सढळ हाताने खर्च करायचा असेल तर तो यावर करा. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांनाही हिमनद्या वरून पाहता येतात: कडेने वाहत आलेल्या दगडमातीच्या काळ्या रेघा, दोन हिमनद्या मिळाल्यावर त्या रेघांचं होणारं एकत्र वळण, आणि मधूनच बर्फावर साठलेलं गडद निळं पाणी. उड्डाण मुक्कामाच्या पहिल्याच दिवसासाठी ठरवा, म्हणजे रद्द झालं तर पुढचे दिवस हाताशी राहतात.

क्लुआनी सरोवराकडे जाताना धुळीचे लोट दिसतात, ते कसले?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण तिथे गेल्या काही वर्षांत जे घडलं ते समजून घेतल्याशिवाय ती जागा पाहू नये असं मला वाटतं.

गावापासून सुमारे ७० कि.मी. वर सरोवराचं दक्षिण टोक येतं. तिथे डावीकडे एक रुंद, सपाट दरी उघडते. ही आय चू नदीची दरी, जुन्या नकाशांवर 'स्लिम्स रिव्हर'. कॅस्कवुल्श नावाच्या प्रचंड हिमनदीचं वितळलेलं पाणी दोन बाजूंनी वाहायचं. एक वाट आय चूमधून उत्तरेला क्लुआनी सरोवरात, तिथून युकॉन नदीत आणि हजारो कि.मी. दूर बेरिंग समुद्रात जायची. दुसरी दक्षिणेला अल्सेक नदीतून अलास्काच्या आखातात. हिमनदी मागे हटत गेली, तिच्या तोंडाशी बर्फात एक घळ पडली आणि मे २०१६ च्या अखेरीस, अवघ्या चार दिवसांत, उत्तरेकडचं पाणी दक्षिणेकडे वळलं. एका नदीचं पाणी दुसऱ्या नदीने पळवण्याची ही क्रिया भूगर्भशास्त्राला माहीत होती, पण ती हजारो वर्षांपूर्वीच्या खुणांवरून. माणसाच्या डोळ्यांदेखत, हवामान बदलामुळे, इतक्या झपाट्याने ती घडल्याची ही पहिली नोंद.

आज महामार्गावरचा पूल ओलांडताना खाली पाहा. एवढ्या लांब पुलाखाली जे पात्र आहे ते नदीचं, पण पाणी म्हणाल तर काही ओहोळ. हिमनदीने दगड घासून घासून केलेली पिठूळ राखाडी माती उघडी पडली आहे आणि दुपारी दरीतून वारा सुटला की तीच उडते. सरोवराची पातळी खाली गेली. काठावरच्या बर्वॉश लँडिंगमध्ये क्लुआनी फर्स्ट नेशनची वस्ती आहे (फर्स्ट नेशन म्हणजे कॅनडातला मूळनिवासी समाज). होडी काढणं, मासेमारी हे त्यांच्या रोजच्या जगण्याचं, त्यामुळे बदललेल्या किनाऱ्याची झळ त्यांना थेट बसली.

गंमत अशी, की काही शतकांपूर्वी हे सरोवर दक्षिणेलाच रिकामं होत असे. कॅस्कवुल्श हिमनदी पुढे सरकली, तिने ती वाट बुजवली आणि पाणी उत्तरेला वळलं. हेन्स जंक्शन गावाच्या जागेचंही तसंच. लोवेल हिमनदीने अल्सेक नदी अडवली की मागे भलामोठा जलाशय तयार व्हायचा आणि त्याचं पाणी आज जिथे गाव आहे तिथवर यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो बांध फुटला. आसपासच्या उतारांवर त्या जुन्या किनाऱ्यांच्या आडव्या रेघा अजून दिसतात. तिरप्या उन्हात नीट दिसतात, म्हणून संध्याकाळी पाहा.

धूळ फार असेल तर गाडीच्या काचा वर करा. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या दिवशी दरीत चालायला उतरू नये.

फारसं चालता न येणाऱ्यांसाठी काय आहे?

बरंच आहे. गावात दा कू नावाची लाकूडकामाने सजलेली देखणी वास्तू आहे. एकाच छपराखाली शॅम्पेन आणि एजिॲक फर्स्ट नेशन्सचं सांस्कृतिक केंद्र आणि राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र. पहिली भेट इथेच द्या. वाटांची स्थिती, अस्वलांच्या ताज्या नोंदी, हवामान, सगळं तिथल्या टेबलावर कळतं. जवळच एक छोटं कॅथलिक चर्च आहे, १९५४ मध्ये अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या अर्धगोल पत्र्याच्या शेडमधून उभं केलेलं. आत जाऊन दोन मिनिटं बसा.

गावापासून सुमारे २६ कि.मी. दक्षिणेला कॅथलीन सरोवर. काठाने अर्ध्या कि.मी.ची लाकडी फळ्यांची वाट आहे, चाकाच्या खुर्चीलाही चालेल अशी. या पाण्यात कोकनी नावाचे लालसर मासे आहेत. ते मूळचे समुद्रातून येणारे सॉकआय सामन. लोवेल हिमनदीने समुद्राची वाट बंद केली तेव्हा इथेच अडकले आणि गोड्या पाण्यातच पिढ्यान्पिढ्या जगू लागले. काठावर वारा बोचरा असतो, जुलैतसुद्धा आईबाबांसाठी कानटोपी हाताशी ठेवा.

तिसरी जागा थाचाल धाल, क्लुआनी सरोवराच्या टोकाचा डोंगर. इथे डॉल जातीच्या पांढऱ्याशुभ्र डोंगरी मेंढ्या असतात. वसंतात आणि ऑगस्टअखेरनंतर त्या खालच्या उतारांवर येतात. भर उन्हाळ्यात वर निघून जातात. खालच्या माहिती केंद्रात दुर्बीण लावलेली असते. आधी पांढरे ठिपके दगडांसारखे वाटतात, मग त्यातला एखादा दगड चालू लागतो.

चालायची सवय आहे. कोणती वाट निवडू?

एकच निवडायची तर किंग्ज थ्रोन. कॅथलीन सरोवरापासून सुरू होते, वरच्या खोलगट बैठकीपर्यंत जाऊन-येऊन १० कि.मी., चढ सुमारे ५५० मीटर. आतकरवाडीतून सिंहगड चढताना जेवढा दम लागतो साधारण तेवढाच, फक्त शेवटचा भाग सुट्या दगडांचा आहे आणि वर पिठलं-भाकरी नाही, पाणी-खाणं सगळं आपलं न्यायचं. बैठकीच्या पुढे शिखरापर्यंतची धार उघडी आहे आणि तिथला वारा माणसाला हलवतो. अनुभव नसेल तर बैठकीवरूनच परत फिरा, दृश्य तिथूनही पोटभर आहे.

सोपी वाट हवी असेल तर सेंट इलायस सरोवर. झाडीतून दिवसभर भटकायचं असेल तर गावाजवळची ऑरियल वाट, १५ कि.मी.ची फेरी. आय चूची दरी वरून पाहायची असेल तर थाचाल धालजवळची शीप क्रीक वाट. उद्यानात रात्री मुक्काम करणार असाल तर आधी नोंदणी सक्तीची आहे.

जाताना वाटेत राखाडी, वाळलेली स्प्रूसची झाडं मोठ्या संख्येने दिसतील. ती वणव्याने जळलेली नाहीत. १९९० च्या दशकात इथे स्प्रूसच्या सालीतल्या भुंगेऱ्याची मोठी साथ आली. हिवाळे पुरेसे कडक राहिले नाहीत, अळ्या मेल्या नाहीत, आणि डोंगरच्या डोंगर सुकले.

अस्वलांची भीती वाटते. किती धोका आहे?

भीती वाटणं योग्य आहे, घाबरून घरी बसणं नको. इथे ग्रिझ्ली आणि काळी, दोन्ही अस्वलं आहेत. हे त्यांचं राहतं घर आहे, आपण पाहुणे. म्हणून काही गोष्टी पाळाव्याच लागतात.

एकत्र चाला, मोठ्याने बोलत राहा. गाणी म्हणा, आरत्या म्हणा, नावं पुकारा. वळणावर आणि ओढ्याजवळ आवाज वाढवा, कारण पाण्याच्या खळखळाटात अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही. अचानक समोर आलेलं, दचकलेलं अस्वल सगळ्यात धोकादायक. अस्वलांसाठीचा तिखटाचा फवारा प्रत्येक मोठ्या माणसाच्या पट्ट्याला असावा, पाठपिशवीच्या तळाशी नव्हे. तो विमानात नेता येत नाही, व्हाइटहॉर्सला विकत घ्या आणि झाकण कसं निघतं हे दुकानातच समजून घ्या.

वाटेवर जमीन नांगरल्यासारखी उकरलेली दिसली तर तिथे ग्रिझ्लीने मुळं खणली आहेत. माती ओली, ताजी असेल तर मागे फिरा. जुलै-ऑगस्टमध्ये लाल सोपबेरीची फळं पिकतात, आणि आय चूच्या दरीत ती खायला अस्वलं जमतात. अशा वेळी उद्यानाकडून चार किंवा अधिक जणांच्या गटानेच जाण्याच्या सूचना असतात, कधी वाट बंदही केली जाते.

अस्वल दिसलंच तर पळू नका. एकत्र या, मुलांना मधे घ्या, शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरका. कमीत कमी १०० मीटर अंतर ठेवायचं, हा उद्यानाचा नियम आहे. आणि रस्त्याच्या कडेला अस्वल चरताना दिसलं तर गाडीतून उतरू नका. गाड्यांची आणि माणसांची सवय झालेलं अस्वल पुढे गाडीखाली येतं किंवा त्याला गोळी घालावी लागते. फोटोसाठी आपण खाली उतरल्याची किंमत ते प्राणी मोजतात.

आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचे हाल होतील का?

तयारीने गेलात तर नाही. गावात उन्हाळ्यात चांगली बेकरी आहे, पाव, सूप, पिझ्झा असं मिळतं. पण खाण्याच्या जागा मोजक्याच आणि त्यांच्या वेळाही मर्यादित. किराणा व्हाइटहॉर्सच्या मोठ्या दुकानांतूनच भरून घ्या: तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, दही, टोर्टिया. घरून मेतकूट, चटणी, पोह्यांचा चिवडा, भाजणी, गोडा मसाला आणलात की काम भागतं. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर खिचडीला तोड नाही.

तंबूत राहणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. तंबूजवळ फोडणी घालू नका. हिंग-मोहरी-लसणाचा वास कपड्यांत, तंबूच्या कापडात बसतो आणि वाऱ्यावर दूर जातो. कॅथलीन सरोवराच्या तळावर स्वयंपाकाची वेगळी शेड आणि अस्वलाला न उघडणाऱ्या पेट्या आहेत. शिजवणं-खाणं तिथेच करा, आणि अन्न, भांडी, टूथपेस्ट, तेलाची बाटली, सगळं पेटीत. भात गाळलेलं पाणीसुद्धा झाडाखाली ओतू नका.

राहायचं कुठे?

गावात काही मोटेल्स आणि घरगुती निवास आहेत, थोडेच. जून ते ऑगस्टसाठी हिवाळ्यातच आरक्षण करा. तंबू किंवा कॅम्पर असेल तर कॅथलीन सरोवर हा राष्ट्रीय उद्यानाचा तळ, तिथे लाकडी जमिनीचे तयार तंबूही भाड्याने मिळतात. गावाच्या पूर्वेला ६ कि.मी. वर पाइन लेकचा सरकारी तळ आहे. पाणी उथळ, हिरवंनिळं, आणि मुलांना खेळायला वाळू. युकॉन सरकारच्या तळांवर जळणाची लाकडं शुल्कातच मिळतात. बाहेरून लाकूड आणू नका, त्यातून कीड पसरते.

इथले मूळ लोक कोण? त्यांच्याबद्दल काय माहीत असावं?

ही भूमी सदर्न तुशोनी भाषा बोलणाऱ्या लोकांची. या जागेचं त्यांच्या भाषेतलं नाव डाक्वाकाडा, आणि ते आजही वापरात आहे. गाव शॅम्पेन आणि एजिॲक फर्स्ट नेशन्सच्या पारंपरिक प्रदेशात येतं.

महामार्गाची गोष्ट सगळीकडे पराक्रमाची म्हणून सांगितली जाते, आणि तो पराक्रम होताच. जपानच्या पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याच्या दहा हजारांहून अधिक जवानांनी हा रस्ता आठ महिन्यांत काढला. त्यातले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, वेगळ्या तुकड्यांत ठेवलेले, आणि त्यांच्या श्रमांची दखल खूप उशिरा घेतली गेली. २० नोव्हेंबर १९४२ ला क्लुआनी सरोवराच्या वर सोल्जर्स समिट इथे रस्त्याचं उद्घाटन झालं. तिथवर छोटी पायवाट आहे, जरूर चढा.

पण त्याच रस्त्याने साथीचे रोगही आले आणि वस्त्यांमध्ये माणसं दगावली. पाठोपाठ क्लुआनीचा प्रदेश शिकारबंदीचा म्हणून जाहीर झाला. पिढ्यान्पिढ्या जिथे शिकार करून पोट भरलं, तिथेच इथल्या लोकांना गुन्हेगार ठरवलं गेलं. कित्येक कुटुंबांचा त्या डोंगरांशी संबंधच तुटला. १९९३ मध्ये शॅम्पेन आणि एजिॲक फर्स्ट नेशन्सचा कॅनडाशी अंतिम करार झाला आणि उद्यानाच्या कारभारात त्यांना वाटा मिळाला. 'अस्पर्श निसर्ग' असं माहितीपत्रकात वाचाल तेव्हा हे लक्षात असू द्या. इथे माणसं होती, त्यांना बाहेर काढलं होतं.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेला, ब्रिटिश कोलंबियातल्या टॅटशेनशिनी-अल्सेक उद्यानात वितळणाऱ्या बर्फात शिकाऱ्यांना एका तरुणाचे अवशेष सापडले, शेकडो वर्षं जुने. अंगावर खारीच्या जातीच्या प्राण्यांची कातडी जोडून शिवलेलं पांघरूण होतं. फर्स्ट नेशन्सने शास्त्रज्ञांना अभ्यासाची परवानगी दिली, आणि २००१ मध्ये अस्थी त्याच डोंगरात परत नेऊन ठेवल्या. पुढे जनुकीय तपासणीत त्याचे सतरा हयात नातेवाईक या परिसरात सापडले.

हेन्सच्या रस्त्यावर क्लुक्शू नावाचं सामन मासेमारीचं जुनं गाव लागतं. मासे सुकवण्याच्या शेड दिसतील. लोकांचं काम चालू असेल तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका, दारात डोकावू नका.

पुढे हेन्सला, अलास्कात जाऊन यावं का?

व्हिसा असेल तर नक्की. सुमारे १,०७० मीटर उंचीची खिंड ओलांडताना झाडं संपतात, उघडं माळरान आणि दोन्हीकडे हिमनद्या येतात, आणि मग दोन तासांत तुम्ही ओल्या, गर्द हिरव्या समुद्रकिनारी उतरता. सीमेवरची चौकी रात्री बंद असते, तिच्या वेळा निघण्याआधी पाहा. शिवाय उन्हाळ्यात अलास्काचं घड्याळ युकॉनपेक्षा एक तास मागे असतं. फळं, भाज्या, मांस काही जवळ असेल तर अधिकाऱ्यांना स्वतःहून सांगा.

हिवाळ्यात जाता येईल का?

जाता येतं, पण हिमप्रदेशात गाडी चालवायची सवय असेल तरच. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सकाळी सव्वाअकराच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो. उणे ३० ही नेहमीची गोष्ट. याच महामार्गावर पुढे बीव्हर क्रीकजवळच्या स्नॅग इथे ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ अंश तापमान नोंदलं गेलं, कॅनडातलं आजवरचं सर्वांत कमी. गाडीचं इंजिन रात्री विजेवर गरम ठेवावं लागतं. खिंडीतला रस्ता वाऱ्याने वाहून आलेल्या बर्फामुळे बंद होतो. फक्त ऑरोराच पाहायचा असेल तर व्हाइटहॉर्सला राहणं शहाणपणाचं.

डास?

जून-जुलैत भरपूर. पूर्ण बाह्या, फिके कपडे, तोंडावर जाळी. वारा असलेल्या काठावर बसा.

कुणी आजारी पडलं तर?

गावात आरोग्य केंद्र आहे, परिचारिका असतात. हॉस्पिटल व्हाइटहॉर्सला. तातडीच्या मदतीसाठी ९११, पण रेंज असेल तिथेच. आईबाबांची नेहमीची औषधं दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि प्रवासविमा नीट पाहून घ्या. दूरच्या भागातून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे कंपनीला लेखी विचारा.

जूनच्या मध्यावर खोली मिळतच नाही, असं का होतं?

त्या सुमारास हेन्स जंक्शन ते हेन्स अशी सायकलींची मोठी रिले शर्यत असते, सुमारे २४० कि.मी. ची, दोन देशांतून जाणारी. शर्यतीच्या शनिवाराच्या आदल्या दिवशी गाव गच्च भरतं आणि हेन्सच्या रस्त्यावर दिवसभर सायकलस्वार असतात. बेत आखताना त्या वर्षीची तारीख पाहून घ्या. गर्दी नको असेल तर तो शनिवार-रविवार टाळा. सायकल चालवणारी चार-आठ मंडळी जमवता येत असतील, तर गट करून नाव नोंदवा.